भास्कराचार्य आणि वर्गमूळांचीं समीकरणें

सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जडविड नगरचे भास्कराचार्य शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें जन्मले. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत.

वर्गमूळ, म्हणजेच अर्धा घातांक, असलेलें समीकरण दिसतांच आम्हां विद्यार्थ्यांच्या उरांत धडकी भरते. आचार्यांनीं तेंच ‘लीलावती’त भ्रमरांच्या थव्यांतून मांडिलें. थव्याच्या निम्म्याचें वर्गमूळ व सबंध थव्याचे आठ नवमांश इतके भ्रमर मालतीकडे गेले. मागें एक भ्रमर कमळांत कोंडला व भ्रमरी बाहेर राहिली. तर थवा केवढा? थवा २य² धरिला कीं तें वर्गमूळ य होतें, आणि २य² − ९य − १८ = ० हें समीकरण मिळतें. त्यांतून य = ६, म्हणून थवा ७२. दुसरें उत्तर य = −३/२; परंतु त्यानें थवा साडेचार भ्रमरांचा होतो, म्हणून तें त्याज्य.

‘बीजगणितां’तील वानरांच्या उदाहरणांत ५० व ५ अशीं दोन उत्तरें येतात. कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करावयाचे असल्यानें ५ घेतां बाकी ऋण येते. म्हणून आचार्यांनीं तें नाकारिलें.

इ. स. ११८३ त त्यांनीं ‘करणकुतूहल’ लिहिलें. पुढें नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. विद्यार्थिबंधूंनो, उत्तर निघालें म्हणून लेखणी खालीं ठेवूं नये. तें मूळ प्रश्नास लावून पाहावें, हीच त्या गुरूंची शिकवण होय.