मास्टर विठ्ठल : मूकपटांचा तलवारबहाद्दर

पहिल्या भारतीय बोलपटाचे नाव विचारले तर 'आलम आरा' हे उत्तर चटकन येते. दिग्दर्शक अर्देशीर इराणी आठवतात, नायिका जुबेदाही आठवते. नायकाचे नाव मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. हा नायक मराठी होता, कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत घडलेला होता आणि 'आलम आरा'च्या आधीपासूनच देशातील लोकप्रिय नटांमध्ये गणला जात होता. त्यांचे नाव मास्टर विठ्ठल.

विठ्ठल रंगभूमीवर आले ते बालनट म्हणून. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांना काम मिळाले, पण ते कॅमेऱ्यासमोरचे नव्हते. ते संकलन विभागात होते. फिल्मचे तुकडे कापायचे, जोडायचे आणि अधूनमधून किरकोळ भूमिकेत उभे राहायचे, असे ते दिवस होते. १९२४ च्या 'कल्याण खजिना'त त्यांच्या वाट्याला उल्लेखनीय म्हणावी अशी पहिली भूमिका आली, तीही नर्तकीची! पुढे घोड्यावरून उड्या घेणारा हा नायक पडद्यावर प्रथम स्त्रीवेषात दिसला, याचे आज नवल वाटेल. त्या काळी त्यात विशेष काही नव्हते.

मुंबईत भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी १९२५ मध्ये शारदा फिल्म कंपनी काढली आणि विठ्ठल करार करून तिकडे गेले. १९२६ च्या 'रतन मंजिरी'त ते प्रथमच नायक झाले. पुढची चार-पाच वर्षे शारदाचे मारधाडपट आणि विठ्ठल हे समीकरणच झाले. जेबुन्निसा ही त्यांची नेहमीची नायिका. डग्लस फेअरबँक्सच्या 'थीफ ऑफ बगदाद'ने तेव्हा येथील प्रेक्षकांना वेड लावले होते. विठ्ठल यांना भारताचे फेअरबँक्स म्हटले जाऊ लागले ते त्यामुळेच. मूकपटांच्या साहसी नटांमध्ये सर्वाधिक मोबदला घेणारे म्हणूनही त्यांची ख्याती होती.

ही कीर्ती देहाची होती, हे ध्यानात घ्यायला हवे. तो काळच तसा होता. राजा सँडो हे तामीळ नट व्यायामपटू म्हणून मुंबईत आले आणि मूकपटांचे नायक झाले. पुढे वाडिया बंधूंच्या चित्रपटांत जॉन कावस हे शरीरसौष्ठवपटू गाजले. विठ्ठल आखाड्यातून नव्हे, रंगमंचावरून आले होते, पण प्रेक्षक पैसे मोजत ते त्यांच्या तलवारीच्या हातांसाठी आणि घोडदौडीसाठी. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पडद्यावरच्या पाट्या दोन-तीन भाषांत असत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी त्या मोठ्याने वाची. त्यामुळे नायक मराठी आहे की पंजाबी, याची चौकशी लाहोरच्या प्रेक्षकाला करावी लागत नसे.

इराणींनी बोलपट काढायचे ठरवले तेव्हा नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांच्या नावाचा विचार झाला होता. हेच मेहबूब पुढे 'मदर इंडिया'चे दिग्दर्शक झाले. पण नव्या, खर्चिक प्रयोगाला तिकिटे खपवणारे नाव हवे होते आणि ते विठ्ठल यांच्याकडे होते. पेच एवढाच, की ते शारदाशी करारबद्ध होते. त्यांनी कंपनी सोडताच प्रकरण न्यायालयात गेले. त्यांची बाजू मांडली मुंबईतील नामांकित बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी. निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला आणि ते इराणींच्या इंपीरियलमध्ये दाखल झाले. इराणी आणि भोगीलाल दवे हे पूर्वीचे भागीदार, त्यामुळे या ओढाताणीला जुन्या ओळखीचीही किनार असावी.

खटला जिंकून मिळवलेल्या भूमिकेत विठ्ठल यांच्या वाट्याला काय आले? स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून ध्वनिमुद्रण रात्री उशिरा करावे लागे. ध्वनिक्षेपक दडवून ठेवलेले असत आणि नटाने त्यांच्या आसपास राहूनच बोलायचे. धावपळ हा ज्याचा प्राण, त्याला एका जागी जखडून टाकणारी ही व्यवस्था होती. त्यात संवाद हिंदुस्तानी, उर्दू वळणाचे. विठ्ठल यांची जीभ मराठी. उच्चार काही केल्या जमेनात. कथेतल्या राजपुत्राचे प्राण एका हारात अडकलेले असल्याने त्यावर तोड निघाली, असे सांगतात : बऱ्याच प्रसंगांत नायक अर्धवट शुद्धीतच दाखवला गेला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. सारा देश पडद्यावर माणूस बोलताना ऐकायला आला होता आणि त्याचा नायक शक्य तितके कमी बोलत होता.

याला विठ्ठल यांचे अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना घेताना कोणालाच त्यांच्या वाणीची पारख करावीशी वाटली नव्हती. त्यांनी मात्र आपली मर्यादा लवकर ओळखली आणि ते मराठीकडे वळले. १९३३ मध्ये त्यांनी 'औट घटकेचा राजा' दिग्दर्शित केला. शाहू मोडक यांची त्यातील दुहेरी भूमिका भारतीय बोलपटातील पहिली मानली जाते. पुढे १९३४ चा 'छत्रपती संभाजी' आणि १९३९ चा भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' अशा ऐतिहासिक पटांतून ते पुन्हा तलवार घेऊन उभे राहिले. नाणे मावळातल्या वडिवळ्यापासून पवन मावळापर्यंतच्या खोऱ्यांतून आलेला मावळा त्या पटांचा खरा नायक होता, आणि त्याची भाषा विठ्ठल यांची स्वतःची होती. इथे त्यांना कोणी बेशुद्ध पाडले नाही. पण मराठी चित्रपटाचे क्षेत्र मर्यादित होते. लाहोरपासून मद्रासपर्यंत पसरलेला पूर्वीचा प्रेक्षक काही परतला नाही. हळूहळू लहान भूमिका आल्या आणि नवी पिढी त्यांना ओळखेनाशी झाली.

१९६९ मध्ये मास्टर विठ्ठल यांचे निधन झाले. 'आलम आरा'ची प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातील शेकडो चित्रपटांपैकी मोजकेच शिल्लक आहेत. ज्या उड्यांसाठी आणि तलवारीच्या हातांसाठी प्रेक्षक रांगा लावत, त्यांची ओळख आता बहुतांशी जुनी छायाचित्रे आणि जाहिराती यांवरूनच करून घ्यावी लागते.