भिसोटाइप ते आयोडीन : अमेरिकेत धंदा उभारणारे शंकर आबाजी भिसे

शेतकरी बंधूंनो, कोंडाण्याची लेणी तुम्हाला काही नवी नाहीत. तिथल्या चैत्यगृहाशेजारी एक भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ. कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा तिचा अर्थ लावतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीरसुद्धा आपल्या कामावर नाव घालत होता. आज ज्यांची माहिती द्यायची आहे, त्यांची सगळी हयात आपल्या कामावरचे नाव आणि त्यातला वाटा राखण्यात गेली.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रशास्त्राची कसली पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे अमेरिकेतले मासिक वाचून त्यांनी ही विद्या मिळवली. मुंबईच्या लोकलमध्ये पुढचे स्टेशन दाखवणारे यंत्रही त्यांनी तरुणपणीच तयार केले. तुम्ही कर्जतहून गाडीत बसता तेव्हा स्टेशनांची नावे डब्यात दिसतात ना? ती कल्पना या मराठी माणसाच्या डोक्यात शंभर वर्षांपूर्वीच आली होती.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली. किराणा दुकानातला माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिशांनी इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवले. मग ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजी तेव्हा तिथे होते. त्यांनी ओळखी करून दिल्या, पदरचा पैसाही घातला. भिशांनी टेलिफोन, स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारा संडास अशा कितीतरी गोष्टी बनवल्या.

पण त्यांचा जीव जडला तो छापखान्याच्या यंत्रावर. तेव्हा वर्तमानपत्र म्हणजे शिशाच्या खिळ्यांचा कारभार. वितळलेला धातू साच्यात ओतून अक्षराचा एकेक खिळा पाडावा लागे, आणि त्यात वेळ फार जाई. एकाच वेळी अनेक खिळे पाडणारे यंत्र भिशांनी रचले. त्याला आपलेच नाव दिले, भिसोटाइप.

यंत्र झाले, पण भांडवल कुठून आणायचे? घोडे तिथेच अडले. दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतले. इंग्रज पुढारी हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचे मनावर घेतले, तेही जमले नाही. शेवटी सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट निघाले. तोवर १९१४ चे महायुद्ध आले आणि सिंडिकेट बंद पडले. पन्नाशीला टेकलेला माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा.

दुसरा कोणी असता तर गावची वाट धरली असती. भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे ओळखपाळख नव्हती, रंग काळा, वय झालेले. पण तिथे एक गोष्ट होती. नव्या यंत्रावर पैसा लावणारे लोक होते. १९२० च्या सुमारास टाइप पाडणाऱ्या यंत्रासाठी तिथे कंपनी निघाली.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या यंत्रासाठी उमेद खर्ची घातली, त्याने त्यांना गडगंज केले नाहीच. हात दिला तो औषधाने. आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केले. आधी त्याचे नाव बेसलिन होते, पुढे ते ॲटोमिडीन नावाने अमेरिकेत खपू लागले. छापखाना काढणारे मोजकेच, पण औषधाची बाटली घरोघर लागते. गिऱ्हाईक ज्याचे मोठे, तो धंदा चालला.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध सांगतात आणि चाळीसेक पेटंटे. लोक त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या भातखाचराशी काय संबंध? गावात बघा. कोणी भात झोडायचे यंत्र घरीच जोडतो, कोणी जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर पंप चालवतो. शेजारी येतो, बघतो, तसेच करून विकतो. मूळ कारागीर राहतो बाजूला. तेव्हा नवे अवजार जत्रेत किंवा प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करा. आधी चारचौघांत दाखवले तर हक्क जाऊ शकतो. पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. सुरुवातीला तात्पुरता अर्ज केला तरी चालतो, पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. मात्र शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट नाही, अवजाराला मिळू शकते. सरपंचांनी आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी अशा पोरांना अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राची वाट दाखवावी.

आणि भागीदार घ्याल तेव्हा वाटा कागदावर लिहून घ्या. दादाभाईंसारखा माणूस प्रत्येकाच्या नशिबी नसतो. एक यंत्र नाही चालले तर दुसरे काय खपेल तेही बघत राहा. भिसे बघत राहिले, म्हणून परमुलखात तरले.