काचपट्टीवरचे सत्य शोधणारे डॉ. खानोलकर

काही दिवसांपूर्वी उल्हासनगर कॅम्प २ मधील एका वस्तीत आम्ही गेलो होतो. एका गृहस्थाने प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्टांची चळत काढून आमच्यापुढे ठेवली. त्यांच्या पत्नीची पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली होती, तरी पुन्हा अंगावरून जाऊ लागले. एका दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या. शिबिरातील पॅप तपासणी चांगली आली. सहा महिन्यांनी तुकडा काढून तपासला, तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आणि तोही नेहमीचा नव्हे, ग्रंथीपेशींचा. तपासणी चांगली होती, मग कॅन्सर आला कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. शेजारच्या एका वृद्धेकडे उत्तर तयार होते: मागच्या जन्माचे भोग!

असे भोगाचे उत्तर बाजूला सारून कॅन्सरची खरी कारणे शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातील. देवळांच्या सेवेला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या कलावंत-भाविणींच्या वंशातून उभा राहिलेला हा समाज. धर्माच्या नावाने ज्यांच्या लेकीबाळींना माणूसपण नाकारले गेले, त्या समाजाचा हा मुलगा लंडनला गेला आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. घेऊन आला. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाची डी.एस्सी. बाबासाहेबांनी मिळवली होती, हे वाचकांना सांगायला नकोच.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरातील पेशींत काय बिघाड केला, ते पाहण्याचे शास्त्र. या शास्त्राचा डॉक्टर रुग्णाला सहसा दिसत नाही. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काढतात, काचपट्टीवर रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोगाचे नाव तिथे ठरते. नाव चुकले तर उपचारही चुकू शकतो. खानोलकरांनी हे शास्त्र मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची धुरा खानोलकरांकडे आली.

तिथे त्यांनी एक वेगळा हिशेब मांडला. कोणत्या समाजात कोणता कॅन्सर जास्त होतो? पारशी स्त्रियांत स्तनाचा जास्त, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा जास्त, मुस्लिम स्त्रियांत तो तुलनेने कमी. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात हा फरक पडत असेल, तर रोगाचे मूळ नशिबात नसून माणसाच्या राहणीत, सवयींत आणि परिस्थितीत आहे, हे उघड झाले. कारण असेल तर ते शोधता येते आणि टाळताही येते. आम्हाला खानोलकरांचे मोठेपण इथे दिसते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मुख्य कारण मात्र त्यांच्या हयातीत हाती लागले नाही. ते एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे, हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास दाखवले. त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो. म्हणून या रोगावरून कोणत्याही स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा अडाणीपणा आहे.

१९५२ साली खानोलकरांनी परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांना त्यांनी परदेशी शिकायला जाण्यास प्रोत्साहन दिले. त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी वाढवल्या गेल्या होत्या. १९५१ साली ती काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वॉर्डात दाखल झाली. तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. ३१ व्या वर्षी ती गेली. जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी पैसा कमावला, घरच्यांना मात्र सुमारे दोन दशकांनी कळले. तिला नेहमीचा, म्हणजे वरच्या आवरणाच्या पेशींचा कॅन्सर असल्याचे लिहिले होते. १९७० च्या सुमारास फेरतपासणीत तो ग्रंथीपेशींचा निघाला. त्या काळी त्याने उपचार बदलला नसता. आज बदलू शकतो.

कॅम्प २ मधल्या त्या गृहस्थांचे उत्तर इथे आहे. ग्रंथीपेशींचा कॅन्सर बहुधा गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत वाढतो. पॅप तपासणीत तो निसटू शकतो. त्यातील काही प्रकार एचपीव्हीशिवायही होतात, म्हणून ते एचपीव्हीच्या चाचणीतही दिसत नाहीत. त्याहून दुर्मीळ असतो लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर. तो झपाट्याने पसरतो. त्याला फुप्फुसाच्या तशाच कॅन्सरसारखी केमोथेरपी लवकर द्यावी लागते, केवळ शस्त्रक्रिया किंवा शेक देऊन भागत नाही. हे प्रकार ओळखायला नुसती रंगवलेली काचपट्टी पुष्कळदा पुरत नाही, विशेष रसायनांच्या चाचण्या लागतात.

भारतात २०२२ साली या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण नोंदल्या गेल्याचा अंदाज आहे, आणि मृत्यू ८० हजारांच्या घरात. त्यांत दुर्मीळ प्रकार थोडे. पण ज्या घरात तो येतो, त्या घराला तो थोडा नसतो.

खानोलकर पुढे १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. तो पुस्तकात राहू नये, वस्तीत उतरावा, असे आम्हाला वाटते.

आमच्या महिला मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी इतके करावे. तपासणी करून घ्यावीच, त्याने कित्येक जीव वाचतात. पण पाळी गेल्यावर रक्त गेले, संबंधानंतर रक्त गेले, किंवा पाण्यासारखे अंगावरून जात राहिले, तर जुना चांगला रिपोर्ट दाखवून गप्प बसू नये. तुकडा तपासण्याचा आग्रह धरावा. आणि उल्हासनगरहून लोकल धरून परळला जाताना केवळ कागद नेऊ नये. जिथे तुकडा तपासला, तिथून काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. तो दुसऱ्यांदा वाचला जाऊ शकतो. त्या भगिनीचा तसाच वाचला गेला, आणि आज तिचे उपचार योग्य नावाने सुरू आहेत.