गणिती रामानुजन

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. कुंभकोणम् येथे शाळेत असता कारच्या सूत्रसंग्रहावरून ते स्वतःच उच्च गणित शिकले. इतर विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गेली, तरी सूत्रांच्या वह्या भरतच राहिल्या. सूत्रे नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात, अशी त्यांची श्रद्धा होती. मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनी करीत असता १९१३ मध्ये त्यांनी प्राध्यापक हार्डींस पत्र धाडिले. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ वर्षांच्या वयात, ते निवर्तले. त्यांची अखेरच्या काळातील पाने १९७६ मध्ये केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडली. त्यांवर गणिती आजही संशोधन करीत आहेत. नापास मुलास आपण निरुपयोगी ठरवू लागतो, तेव्हा हे चरित्र अवश्य स्मरावे, असे आम्हांस वाटते.