डॉ. वाल्डेमार हाफकिन

परळ येथील हाफकिन संस्थेचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असें घर मुंबईंत व उपनगरांत विरळाच. परंतु ज्या थोर पुरुषाच्या स्मरणार्थ तें नांव दिलें गेलें, त्याच्या चरित्राची ओळख आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस असेल. म्हणून तें येथें संक्षेपानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकितात हा शोध लावणारे मेचनिकॉफ हे विश्वविद्यालयांत त्यांचे गुरु होते. रशियन साम्राज्यांत यहुद्यांस अध्यापकाची जागा मिळणें दुर्घट असल्यामुळें हाफकिन यांनीं स्वदेश सोडला व १८८९ सालीं ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आले. आरंभीं ग्रंथालयांतील साहाय्यकाचें काम करून उरलेल्या वेळीं ते प्रयोग करीत. अशा परिश्रमानें पटकीवरील लस सिद्ध झाली, आणि १८९२ सालीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले व त्यांनीं हजारों लोकांस ती लस दिली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली. मांडवी भागांतील रोग्यांवरून डॉ. व्हिएगस यांनीं ती ओळखली. लोक भयभीत होऊन शहर सोडूं लागले. साष्टींतील जुन्या गांवठाणांत त्या संकटकाळीं उभारलेले क्रूस अजूनही दृष्टीस पडतात. अशा वेळीं सरकारनें हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व तिच्या लगतची पडवी, एक कारकून व तीन शिपाई, एवढीच त्यांची सामग्री होती. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले असतां प्लेगचे जंतू त्यांच्या आधारानें वडाच्या पारंब्यांप्रमाणें खालीं लोंबत वाढतात, असें त्यांस आढळलें. ते जंतू उष्णतेनें मारून त्यांनीं लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःस टोचून घेतली. ताप आला, पण प्रकृति लवकरच पूर्ववत् झाली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली, तेव्हां स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस लस देण्यांत आली; लस न घेतलेल्यांपेक्षां त्यांच्यांत रोगाचें प्रमाण पुष्कळच कमी दिसलें. आगाखान यांनीं स्वतः लस टोचून घेऊन आपल्या अनुयायांस धीर दिला. १८९९ सालीं ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनांत गेली.

यानंतर दैव फिरलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं, हल्लीं पाकिस्तानांत असलेल्या पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस पांच बाटल्यांतून लस दिली गेली. त्यांपैकीं एका बाटलींतून ज्यांस लस मिळाली ते १९ जण धनुर्वातानें मरण पावले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेंत लसींत कार्बॉलिक आम्ल घालणें बंद झालें होतें, म्हणून सर्व दोष त्यांच्या माथीं आला व त्यांचें पद गेलें. वास्तविक बाटली उघडतेवेळीं त्या गांवांत एक चिमटा जमिनीवर पडला होता, व तो पुरेसा निर्जंतुक न करितां वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं त्यांचा पक्ष जाहीरपणें घेतला, तेव्हां कोठें ते निर्दोष ठरले. ते पुनः कलकत्त्यास आले खरे, पण पूर्वीचें कार्य त्यांच्या हातीं परत आलें नाहीं. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि १९३० सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांनीं देह ठेविला.

लस टोचल्यावर हाफकिन यांस ताप कां आला, हें आज सांगतां येतें. मृत जंतूंची चाहूल लागतांच पांढऱ्या पेशी सायटोकाइन नांवाचीं प्रथिनें सोडितात. हीं प्रथिनें म्हणजे पेशींनीं एकमेकींस धाडलेले निरोपच होत. इंटरल्यूकिन व इंटरफेरॉन हीं त्यांपैकींच. त्यांतील कांहींच्या योगें ताप चढतो. शरीरांत हीं अत्यल्प असतात; म्हणून अभ्यासाकरितां मानवी जनुक निरुपद्रवी जंतूंत घालून त्यांच्याकडून तीं करवून घेतात. पूर्वीं जो जंतु केवळ वैरी होता तो असा सेवक झाला आहे. मात्र त्या जंतूचें विष लेशमात्र जरी कुपींत राहिलें, तरी पेशी त्यानेंच चेतवल्या जातात व प्रयोगाचें फळ खोटें ठरतें. यास्तव प्रत्येक कुपीची शुद्धता कसून तपासावी लागते.

एका चिमट्याच्या हयगयीनें एकोणीस प्राण गेले, व एका निरपराध माणसाचीं पांच वर्षें कलंकांत गेलीं. आमच्या शाळेंतील जीं मुलें उद्यां प्रयोगशाळेंत उभीं राहतील, त्यांनीं हाफकिन यांचें धैर्य घ्यावें, आणि तो चिमटाही विसरूं नये.