कपाशीच्या कर्जातून चवळीकडे नेणारा माणूस : जॉर्ज कार्व्हर यांची आज पुण्यतिथी

आज ५ जानेवारी. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १९४३ मध्ये याच दिवशी गेले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. भुईमुगाचे कार्व्हर सगळ्यांनाच आठवतात. पण कीड-रोगाचा विचार करणारे कार्व्हर आज कपाशीवाल्या भावांनी जरूर आठवावेत.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात १८६४ च्या सुमारास ते गुलाम आईच्या पोटी जन्मले. तान्हे असतानाच टोळीने मायलेकरांना पळवले. आई पुन्हा कधी सापडली नाही. पोर मात्र एका घोड्याच्या बदल्यात परत मिळाले, असे सांगतात. धुणी धुऊन, स्वयंपाक करून पोराने शिक्षण केले. आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. तिथे त्यांचा खास अभ्यास होता पिकांवरच्या बुरशीचा.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावले. तिथे काय होते? वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन मेलेली जमीन. कसणारे बहुतेक जण नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे बटाईदार. बी उधार, किराणा उधार. सावकार आणि जमीनमालक म्हणणार, कापूसच लावा. कारण विकायला तोच सोपा.

कार्व्हर यांनी संस्थेच्या पडीक तुकड्यावर चवळी लावली. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. दाट वेल जमीन झाकतो, तण दाबतो, पावसात माती वाहू देत नाही. शेंगा घरात खायला, पाला जनावराला, उरलेले नांगरून खत. पैसा लागतो फक्त बियाण्याला. १९०३ मध्ये त्यांनी चवळीवर पुस्तिका काढली. १९०६ पासून खेचरांच्या गाडीत अवजारे-बियाणे भरून फिरती शेतीशाळा गावोगाव निघाली. ज्याला वाचता येत नाही त्याला बांधावरच दाखवायचे, ही पद्धत.

तोवर मेक्सिकोतून आलेला बोंड पोखरणारा सोंडा पुढे सरकत होता. १८९२ मध्ये तो टेक्सासमध्ये शिरला, १९१० च्या सुमारास अलाबामात पोचला. हा किडा कपाशीच्या पात्या-बोंडांत अंडी घालतो आणि हिवाळा शेताकडेच्या पालापाचोळ्यात काढतो. दरवर्षी त्याच रानात कपाशी मिळाली की त्याचे फावते. चवळी किंवा भुईमूग पेरला तर त्या रानात त्याला खायलाच काही उरत नाही. १९१६ मध्ये कार्व्हर यांची भुईमुगावरची पुस्तिका आली. त्याच राज्यातल्या एंटरप्राइज गावाने भुईमुगाकडे वळून असे दिवस पालटले, की १९१९ मध्ये चक्क या किडीचे स्मारक उभारले!

पण सगळेच सुटले नाहीत, हेही खरे. ज्याची जमीन नाही त्याला पीक बदलायची मुभाही नव्हती. चवळीने सोंडा मरत नाही. पिकाची फेरपालट त्याचे चक्र तोडते आणि सुधारलेल्या जमिनीत रोपाला बळ येते, एवढेच.

कार्व्हर शेवटपर्यंत टस्कीगीतच राहिले. १९३५ पासून अमेरिकी कृषी खात्याच्या पीकरोग सर्वेक्षणालाही त्यांनी मदत केली. एका बुरशीला त्यांचे नाव आहे.

आता आपल्याकडे बघा. आपली गुलाबी बोंडअळी म्हणजे तो सोंडा नव्हे, पण तीही राहिलेल्या बोंडांत दबा धरून पुढच्या हंगामाची वाट पाहते. जानेवारीत पाणी देऊन फरदड ठेवली, तर आपणच तिला पोसतो. म्हणून पऱ्हाटी वेळेत काढा, गळालेली बोंडे वेचून नष्ट करा. पाणी असेल तर त्या रानात चवळी घ्या, नसेल तर पावसाळ्यात एखाद्या तुकड्यावर ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडा. चार वेचण्यांचा मोह सोडणे अवघड आहे, कारण देणेकरी दारात असतो. टस्कीगीच्या बटाईदाराचेही तेच होते. फरक एवढाच, की रान आपले असेल तर निर्णयही आपल्याच हातात आहे.