नारायणीयकर्ते मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी

सांधे धरले, कंबर उचलेना, हाताचा घास तोंडाशी जाईना, असे दुखणे एकदा अंगाला चिकटले की माणूस देहाने खचतो त्याहून अधिक मनाने खचतो. औषधपाणी चालू असते, लेप होतात, शेक होतात. पण ध्यानीमनी एकच गोष्ट, आपले दुखणे. अशा अवस्थेत देवळात बसून शंभर दिवसांत एक थोर ग्रंथ पुरा करणारा आणि ग्रंथ पुरा होताच दुखण्यातूनही मोकळा झालेला एक पुरुष केरळात होऊन गेला. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे त्यांचे नाव. मराठी मुलखात ते फारसे ठाऊक नाही, पण दक्षिणेत ज्या घरी नारायणीय वाचले जाते, त्या घरी ते नित्य घेतले जाते.

भट्टतिरींचा जन्म इ. स. १५६० च्या सुमारास मलबारात, भारतप्पुऴा नदीकाठच्या तिरुनावाय क्षेत्राजवळ एका नंबुद्री ब्राह्मण कुळात झाला. घराणे विद्वानांचे. मीमांसा त्यांनी वडील मातृदत्त यांच्यापाशी अभ्यासली, तर्कशास्त्र बंधू दामोदर यांच्यापाशी. व्याकरणासाठी त्यांना गुरू लाभले ते अच्युत पिषारटी. पिषारटी मोठे ज्योतिर्गणिती होते आणि जातीने नंबुद्री नव्हते. त्या काळी उच्च कुळातील तरुणाने त्यांच्या पायाशी बसून शिकावे ही गोष्ट लहान नव्हती.

पुढे या गुरूंना वातव्याधीने ग्रासले. शिष्याला ते पाहवेना. परंपरा असे सांगते की, गुरुदक्षिणा म्हणून भट्टतिरींनी गुरूंचे दुखणे आपल्या अंगावर मागून घेतले. गुरू बरे झाले आणि ऐन पंचविशीतला शिष्य अंथरुणाला खिळला. ही आख्यायिका कोणी अक्षरशः मानो वा न मानो, भट्टतिरी स्वतः आजारी होते याबद्दल शंका नको. त्यांच्या ग्रंथात पानोपानी त्या आजाराचे गाऱ्हाणे आहे.

उपाय विचारण्यासाठी त्यांनी मलयाळम भाषेचे जनक मानले जाणारे कवी तुंचत्त एऴुत्तच्छन यांच्याकडे माणूस पाठवला, अशी कथा आहे. उत्तर आले ते विचित्रच. मासळीपासून आरंभ करून जेवावे! सोवळ्यातल्या नंबुद्रीला हा सल्ला! निरोप आणणारा पुरता ओशाळला. भट्टतिरींना मात्र खूण पटली. मासा म्हणजे मत्स्य. मत्स्यावतारापासून भगवंताच्या लीला गाव्यात, असा तो इशारा होता. (ग्रंथ उघडून पाहिल्यास मत्स्यावतार बत्तिसाव्या दशकात सापडतो. भट्टतिरींनी क्रम भागवताचाच धरला. सल्ल्याचा अर्थ घ्यायचा, अक्षर नव्हे, हे त्या विद्वानाला कळत होते.)

मग त्यांना गुरुवायूरला नेण्यात आले. या क्षेत्राची स्थापना गुरू बृहस्पती आणि वायुदेव यांनी केली असे मानतात, म्हणून संस्कृतात त्याला गुरुपवनपूर, वातालय अशीही नावे आहेत. वाताचे दुखणे घेऊन रोगी वाताच्याच घरी आला! देवाच्या अभिषेकाचे तेल तेथे वातविकारावर औषध म्हणून भाविक आजही नेतात. देवळात राहणे, पहाटे उठणे, स्नान, प्रसाद, तेल, असा नेम तेथे मुक्काम करणाऱ्या रुग्णाला आपोआप लागतो. भट्टतिरींनी त्या नेमात आणखी एक भर घातली. भागवताचे अठरा हजार श्लोक हजारभर श्लोकांत आणायचे. रोज एक दशक, म्हणजे दहाएक श्लोक, देवासमोर रचायचे. असे शंभर दिवस.

या ग्रंथाचे तिसरे दशक दुखणाईताने मुद्दाम वाचावे. आरंभी भट्टतिरी देवाला स्पष्टच सांगतात की, रोगाने गांजलेले चित्त तुझ्या चरणी रमत नाही, तेव्हा आधी रोग घालव. हे सांगायला खोटी श्रद्धा चालत नाही. पण त्याच दशकाच्या शेवटी सूर पालटतो. तुझी दया येईल तेव्हा येवो. तोपर्यंत हे रडगाणे बाजूला ठेवून शक्तीप्रमाणे वंदन, स्तुती आणि सेवा करीत दिवस काढीन, असा निश्चय ते करतात. सगळा पालट येथेच आहे. दुखणे दुसऱ्या दिवशी गेले नाही. पुढच्या दशकांच्या शेवटीही रोगातून सोडवण्याची विनवणी येतच राहते. परंतु वेदनेला चोवीस तास वाहिलेल्या मनाला आता दुसरे काम मिळाले. उद्या गजेंद्रमोक्ष, परवा समुद्रमंथन, मग रामकथा, मग गोकुळ. शब्द जुळवायचा, वृत्त सांभाळायचे, मोठी कथा दहा श्लोकांत बसवायची. ज्याचे सांधे हलत नव्हते त्याचे मन गोकुळात हिंडत होते.

आजचे वैद्यकशास्त्र या गोष्टीला भाकड समजत नाही. वेदना सांध्यात उपजली तरी ती जाणवते मेंदूला, आणि लक्ष, भय, आशा यांनी ती कमीजास्त होते. अमेरिकेत १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतेच निर्गुण द्रव्य दिले, तरी काहींची वेदना उतरली. अफूवर्गातील औषधांचा परिणाम रोखणारे द्रव्य टोचताच ती पुन्हा वाढली. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःचेच वेदनाशामक तयार करीत होते. मात्र झिजलेला सांधा मनाने भरून येत नाही आणि वैद्याचे औषध सोडून नुसते बसून राहणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. गुरुवायूरलासुद्धा तेल होतेच.

याच काळातील एक कथा केरळात घरोघरी सांगतात. पून्तानम नावाचे भोळे भक्तकवी, ज्यांचे एकुलते बाळ अन्नप्राशनाच्या दिवशीच गेले होते, आपले मलयाळम काव्य तपासून घेण्यास भट्टतिरींकडे आले. संस्कृताच्या या पंडिताने प्राकृत भाषेतले काव्य पाहण्याचे नाकारले. पून्तानम डोळे पुसत परतले. त्या रात्री भट्टतिरींचे दुखणे असह्य झाले, आणि तुझ्या विभक्तीपेक्षा पून्तानमची भक्ती मला प्रिय आहे असे देवाने त्यांना बजावले. सकाळी त्यांनी जाऊन क्षमा मागितली तेव्हा कळा थांबल्या. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. त्याच सुमारास, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणला नाथमहाराज ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते. आणि त्याआधी त्यांनी काशीत पुरे केलेले मराठी भागवत पंडितांनी आधी अडवले व मग डोक्यावर घेतले, हे सर्वांना माहीत आहे. मनात अढी असली की अंगातली कळ वाढते, हेही या कथेने सांगून टाकले आहे.

शंभराव्या दिवशी भट्टतिरींना देवाचे दर्शन झाले असे मानतात. शेवटच्या दशकात केसांपासून पायांपर्यंत त्या रूपाचे वर्णन आहे आणि ग्रंथ संपतो तो आयुरारोग्यसौख्य या शब्दावर. या शब्दात गंमत आहे. केरळात अक्षरांना अंक मानण्याची रीत होती. आ म्हणजे ०, य १, र २, स ७. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे. या रीतीने अंक मांडून उलटे वाचले की १७१२२१० येतात. कलियुगाच्या आरंभापासून इतके दिवस त्या दिवशी झाले होते. ते वर्ष इ. स. १५८६, वृश्चिक मास. ज्योतिर्गणिती गुरूचा शिष्य शोभतो खरा! रोगमुक्तीची तारीख त्याने आशीर्वादातच गुंफून ठेवली.

त्यानंतर ते बरीच वर्षे जगले आणि भरपूर लिहिले. अंबलप्पुऴाचे राजे देवनारायण यांच्यासाठी त्यांनी प्रक्रियासर्वस्व हा व्याकरणग्रंथ रचला, मीमांसेवर मानमेयोदयाचा पहिला भाग लिहिला. देवळात कथा सांगणाऱ्या चाक्यार मंडळींना त्यांनी प्रबंध करून दिले. त्यांपैकी एकात नाक कापलेली शूर्पणखा रावणापुढे रडते. नाकच नाही म्हणून त्यात एकही अनुनासिक वर्ण नाही! दुखण्यातून उठलेल्या माणसाला असा विनोद सुचला, हे पुष्कळ झाले. अखेरची वर्षे त्यांनी मुक्कोल येथील देवीच्या सान्निध्यात काढली व तिच्या चरणांवर सत्तर श्लोकांचे श्रीपादसप्तती हे शेवटचे स्तोत्र लिहिले.

गुरुवायूरच्या देवळाला ३० नोव्हेंबर १९७० रोजी मोठी आग लागली. गर्भगृह वाचले, भोवतालचे बांधकाम जळाले, आणि भाविकांच्या वर्गणीतून ते पुन्हा उभे राहिले. भट्टतिरी बसत ती जागा आतल्या आवारात दाखवतात. दरवर्षी वृश्चिक मासाच्या अठ्ठावीस तारखेला तेथे नारायणीय दिन पाळला जातो आणि शंभर दशकांचे पठण होते.